सीआयएफ स्वस्त वाटलं, बिल न्हावाशेव्यात आलं

मा. संपादक, स.न.

भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे. गेल्या वर्षी पहिल्यांदाच चीनहून थेट माल मागवला, गिअरबॉक्सचे पार्ट, निंगबो ते न्हावाशेवा, जेमतेम तीन सीबीएम (घनमीटर) म्हणजे एलसीएल, एका कंटेनरमधे पाचदहा जणांचा माल. सप्लायरने एफओबी (तिकडच्या बंदरात जहाजावर माल चढवेपर्यंतचा) आणि सीआयएफ (समुद्राचं भाडं आणि इन्शुरन्स धरून आपल्या बंदरापर्यंतचा) असे दोन भाव दिले आणि फरक इतका कमी होता की मी सीआयएफ घेऊन मोकळा झालो, वाटलं भाडंही तोच भरतोय, इन्शुरन्सही तोच काढतोय, आपण फक्त ड्युटी भरायची.

माल न्हावाशेव्याला लागल्यावर एका एजंटचा फोन आला, ज्याचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. डीओ (डिलिव्हरी ऑर्डर, जिच्याशिवाय माल सुटत नाही) हवी तर आधी बिल भरा. डीओ चार्ज, टीएचसी (बंदरातल्या हाताळणीचे), सीएफएसचे म्हणजे कंटेनर उघडतात त्या गोदामाचे चार्ज, कागदपत्रांचे वेगळे, वर 18 टक्के जीएसटी, सगळं मिळून समुद्राच्या भाड्यापेक्षा कितीतरी जास्त. भाव करायला गेलो तर म्हणे आमचा कस्टमर तुमचा शिपर (माल पाठवणारा) आहे, तुम्ही नाही. इकडे सीएफएसमधे माल पडून, त्याचं भाडं रोज चढतंय, शेवटी भरले. नंतर माझ्या सीएचएने (कस्टममधून माल सोडवणारा एजंट) सांगितलं की एलसीएलमधे हे नेहमीचंच, तिकडे एजंट लोक शिपरला भाडं जवळपास फुकट देतात, कधी वर पैसेही देतात, आणि वसुली आपल्याकडून.

त्यात एक पेटी पावसाने भिजलेली निघाली. तेव्हा कळलं की सीआयएफमधे भाडं न्हावाशेव्यापर्यंत सप्लायर भरतो पण जोखीम निंगबोला माल जहाजावर चढला की आपली. आणि त्याने इन्शुरन्स कमीतकमी कव्हरचा, क्लॉज सी चा काढला तरी नियमात बसतं, त्यात आग, जहाज बुडणं असलं सगळं आहे पण चोरी नाही, पावसाचं पाणी नाही. 2020 च्या इनकोटर्म्समधे (या अटींचे आंतरराष्ट्रीय नियम) सीआयपी या भाडं-इन्शुरन्सवाल्याच दुसऱ्या अटीला क्लॉज ए चं मोठं कव्हर केलं, सीआयएफ मात्र होतं तिथेच राहिलं.

आता मी एफओबीच घेतो, फॉरवर्डर (वाहतूक ठरवणारा एजंट) माझा, पॉलिसी माझी, आणि दोन्हीकडचे सगळे चार्जेस ऑर्डर द्यायच्या आधी मेलवर लिहून घेतो. (कंटेनरच्या मालाला खरं तर एफसीए (वाहतूकदाराच्या ताब्यात देण्याची अट) बरोबर, कारण सप्लायर माल जहाजावर नाही, गोडाऊनला ताब्यात देतो, पण ते सवयीने एफओबीच लिहितात.) कस्टम ड्युटी तशीही सीआयएफ किमतीवरच बसते, त्यामुळे भाड्याचं आणि पॉलिसीचं बिल जपून ठेवा, ते दाखवता आलं नाही तर एफओबी किमतीच्या 20 टक्के भाडं आणि 1.125 टक्के इन्शुरन्स धरून ड्युटी लावतात. एक्स वर्क्सचा (सप्लायरच्या कारखान्यातून माल उचलायचा) आकडा सगळ्यात कमी दिसतो पण चीनमधलं एक्सपोर्ट क्लिअरन्स आपल्या गळ्यात येतं. आणि डीडीपीत म्हणजे ड्युटीसकट घरपोच देतो म्हणणाऱ्याला आधी विचारा बिल ऑफ एंट्री (कस्टममधला आयातीचा कागद) कोणाच्या आयईसीवर (आयात-निर्यात कोड) होणार, आपल्या जीएसटी नंबरवर नसेल तर आयजीएसटीचं क्रेडिट गेलंच.

तुमच्या उद्योगाच्या पानावर निर्यातीबद्दल भरपूर येतं, पण आमच्यासारख्या छोट्या आयातदारासाठी काही येत नाही. एकदा एखाद्या जाणत्या सीएचएकडून सीएफएसच्या बिलातली एकेक ओळ कशाची असते, त्यातली कुठली कमी करून मागता येते, हे लिहून घ्या ना. भोसरी चाकणमधे ते पान कापून ठेवणारे खूप निघतील.

– एक लघुउद्योजक, भोसरी, पुणे