छायाचित्रातला पक्षी निकोबारचा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला निकोबारच्या मेगापोडवरचा (पाल्या-मातीचा ढीग रचून त्यात अंडी पुरणाऱ्या पक्ष्यावरचा) मजकूर चांगला होता, पण सोबत छापलेलं छायाचित्र ऑस्ट्रेलियाच्या ब्रश टर्कीचं होतं. काळं अंग, बोडकं लाल डोकं, गळ्याशी लोंबणारी पिवळी कातडी आणि उभी चपटी शेपूट ही ब्रश टर्कीची खूण. तो 60 ते 75 सें.मी. भरतो. निकोबारचा मेगापोड जेमतेम 43 सें.मी.चा, तपकिरी, राखाडी डोक्याचा, आखूड शेपटीचा. तोंडावरची उघडी कातडी तेवढी लाल.

कूळ मात्र एकच. दोघेही अंड्यांवर बसत नाहीत. पाल्या-मातीच्या ढिगात अंडी पुरायची आणि कुजण्यातून निघणाऱ्या उबेवर ती उबवायची. उकिरड्यात फावडं घातल्यावर वाफ निघते ती हीच ऊब, आपल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. फरक इतकाच की खताची ऊब वरखाली झाली तरी बिघडत नाही; इथे ती 33-34 अंशांच्या आसपास कित्येक आठवडे राखावी लागते.

ब्रश टर्कीत हे काम एकटा नर करतो. पायांनी पाला मागे ओढत तो मीटर-दीड मीटर उंच आणि चार मीटरपर्यंत रुंद ढीग रचतो, वजन दोन-चार टन. अनेक माद्या येऊन त्यात अंडी घालतात आणि निघून जातात. नर ढिगात चोच खुपसून अंदाज घेतो. तापला असेल तर वरचा थर उपसतो, निवला असेल तर ओला पाला चढवतो. पाला वाळका पडला की जंतूंचं काम थांबतं, ढीग लहान राहिला तर ऊब टिकत नाही, पाणी जास्त मुरलं तर आत हवा खेळत नाही. म्हणून उकरणं-मिसळणं सतत चालू. 34 अंशांना नर-मादी पिल्लं साधारण सारखी निघतात, त्याखाली नर जास्त, त्यावर माद्या. पण कासवासारखं इथे उबेवर लिंग ठरत नाही. कमी-जास्त उबेत कुठल्या लिंगाचे गर्भ जास्त दगावतात एवढाच तो फरक. बरेच लेखक इथे घसरतात.

निकोबारात नर-मादी जोडीने राबतात. ढीग किनाऱ्यालगतच्या जंगलात, पोवळ्याची वाळू, माती आणि पाला मिळून केलेला, पुष्कळदा झाडाच्या बुंध्याला धरून. तोच ढीग वर्षानुवर्षं वापरात राहतो, एकाहून जास्त जोड्याही वापरतात. ब्रश टर्कीचं अंडं सुमारे 50 दिवसांत फुटतं, याचं 70 ते 80 दिवस घेतं. पिल्लू दोन्हीकडे पायांनी कवच फोडतं, एकटंच उकरत वर येतं आणि काही तासांत उडू शकतं. आईबाप त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

छायाचित्राची चूक किरकोळ नाही. ब्रश टर्की ब्रिस्बेन-सिडनीच्या परसबागा विस्कटून लोकांना वैताग आणणारा पक्षी आहे. निकोबारचा मेगापोड 1972च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत आहे. ढीग किनाऱ्याला असल्यामुळेच 26 डिसेंबर 2004च्या त्सुनामीत ते मोठ्या संख्येने वाहून गेले आणि पक्ष्यांची संख्या सुमारे 70 टक्क्यांनी घटल्याचं नंतरच्या पाहणीत दिसलं. ऑस्ट्रेलियातला बागेतला पक्षी पाहून वाचकाला हे कळणार कसं?

आणखी एक. आमच्या खानापूरकडच्या भीमगड अभयारण्याच्या परिसरातही असा पक्षी असावा, असं लेखात सुचवलं आहे. तो इथे नाही. आपल्या रानातला राखी रानकोंबडा, चकोत्री आणि मोर यांच्या माद्या जमिनीवरच्या साध्या खळग्यात अंडी घालतात आणि स्वतः बसून उबवतात. जांबोटी-कणकुंबीकडे दिसणारे मातीचे उंचवटे वाळवीची वारुळं आहेत, आणि उकरलेला पाचोळा बहुधा चरून गेलेल्या रानकोंबड्यांचा.

— काही पक्षीनिरीक्षक, खानापूर (जि. बेळगाव)