राखेचे कण गाळायला शिकवणाऱ्या ताईंना

सप्रेम नमस्कार ताई,

जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुकचा वाद पुरातत्त्ववाल्यांना तोंडपाठ आहे. कुकडीकाठची राख सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची, की त्याच ज्वालामुखीच्या जवळपास आठ लाख वर्षांपूर्वीच्या? तिच्यासोबतच्या अश्युलियन (हातकुऱ्हाडींच्या परंपरेतल्या) दगडी हत्यारांचं वय त्यावर दहापट बदलतं. राखेचा थर डोळ्यांना दिसत असून ही गत! दक्षिण आफ्रिकेतल्या पिनॅकल पॉइंटला तर तोबापासून ९,००० किलोमीटरवर त्या राखेतले मोजके ज्वालामुखी काचेचे कण मातीतून हुडकावे लागले. असे कण वेगळे करायची रीत तुम्ही कारणांसकट लिहून दिलीत, त्याबद्दल हे जाहीर आभार.

नमुने सलग आणि खालून वर घ्या, म्हणजे वरची माती खालच्या नमुन्यात सांडत नाही, इथपासून तुमची सुरुवात. ५५० अंशांवर जाळलेला भाग फक्त मोजणीला, कारण उष्णतेने काचेची रासायनिक ओळख बिघडू शकते. चुना काढायला १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल, मग १२५ आणि २५ मायक्रॉनच्या चाळण्यांमधला गाळ ठेवायचा.

खरी मेख सोडियम पॉलिटंगस्टेटची, म्हणजे कण घनतेनुसार वेगळे करणाऱ्या जड द्रावणाची. १.९५ घनतेला हलका कचरा तरंगतो, तो काढायचा; २.५५ला काच वर येते, क्वार्ट्झ तळाशी बसतं. नळाचं पाणी घातलं तर त्यातल्या कॅल्शियमचा साका होतो, लोखंडी चमचा बुडवला तर द्रावण निळं पडतं. बेसाल्टी काच मात्र २.५५लाही बुडते, म्हणून तळाचा गाळ फेकायचा नाही. ही ओळ पद्धतीच्या वर्णनांत सहसा हरवलेली असते.

सूक्ष्मदर्शकाखाली ध्रुवक (प्रकाश एकाच दिशेत कंपवणारे फिल्टर) एकमेकांना आडवे केले की काच काळी पडते, पण गवताचे फायटोलिथ, म्हणजे वनस्पतीत तयार होणारे सिलिकाचे कणही काळे पडतात. कण काचपट्टीवर बसवायच्या कॅनडा बाल्सम या पारदर्शक राळेत फायटोलिथची कड ठळक उठते, काचेची त्या मानाने फिकी, ही तुमची खूण सोन्यासारखी. शिवाय मुळं आणि मुंग्या कण खाली नेतात, तेव्हा पहिला कण दिसला तिथे उद्रेक मांडायचा नाही. संख्या एकदम कुठे चढते ते पाहायचं.

इलेक्ट्रॉनच्या झोताने कणाची रासायनिक घडण मोजणाऱ्या इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबवर सोडियम सर्वांत आधी मोजा, झोत १० मायक्रॉन रुंद ठेवा, नाहीतर सोडियम कणातून पळतं आणि आकडा कमी येतो. तोबाच्या उद्रेकांची मुख्य मूलद्रव्यं एकमेकांशी इतकी मिळतीजुळती, की लेशमूलद्रव्यं (अत्यल्प प्रमाणात असलेली मूलद्रव्यं) पाहिल्याशिवाय नाव द्यायची घाई नको, असं तुम्ही बजावलंत. बोरीचा इतिहास पाहता ते पटतंच.

तुमची हरकत नसेल तर या टिपणाच्या प्रती उत्खननाला जाणाऱ्या मुलांना देऊ. ‘द्रावण महाग आहे, गाळून पुन्हा वापरा’ ही दोनदा अधोरेखित केलेली ओळ तशीच ठेवून.

आपली,
क्षेत्रकामवाली मंडळी