रिपोर्टसोबत चार शब्दही द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

एचपीव्ही या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरू शकणाऱ्या विषाणूबद्दल वर्तमानपत्रांत छापून येते ते बहुतेक लशीविषयी. ते हवेच. पण ज्या बाईला संसर्ग आधीच झाला आहे, तिचे पुढे काय होते, हे फारसे वाचायला मिळत नाही. दीड वर्षापूर्वी माझ्या धाकट्या बहिणीच्या रिपोर्टवर ‘हाय रिस्क एचपीव्ही पॉझिटिव्ह’ असे आले. कागद हाती ठेवणाऱ्यांनी काही समजावले नाही. तिला वाटले, कर्करोगच झाला. कित्येक रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

खरे तर ‘हाय रिस्क’ हे विषाणूच्या प्रकाराचे नाव आहे. दहापैकी सुमारे नऊ संसर्ग दोन वर्षांत शरीर स्वतःच आटोक्यात आणते आणि चाचणीत विषाणू दिसेनासा होतो. तो समूळ गेला की पेशींत सुप्त राहिला, हे मात्र चाचणी सांगत नाही. त्यामुळे आज सापडलेला संसर्ग कित्येक वर्षांपूर्वीचाही असू शकतो. रिपोर्ट पाहून बायकोवर किंवा नवऱ्यावर संशय घेणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

घोर लावतो तो वर्षानुवर्षे ठाण मांडणारा संसर्ग, त्यातही या विषाणूच्या टाइप १६ या प्रकाराचा. हा आणि टाइप १८ मिळून गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांना कारण ठरतात. धूम्रपान आणि एचआयव्ही असल्यास विषाणू टिकून राहण्याची शक्यता वाढते. संसर्गामुळे गर्भाशयमुखाच्या पेशींत होणारे सौम्य बदल बहुधा आपोआप मावळतात. तीव्र बदलांवर उपचार करावेच लागतात. न्यूझीलंडमध्ये गेल्या शतकात अशा काही स्त्रियांना पुरेसे उपचार न देता नुसते निरीक्षणाखाली ठेवले गेले. त्यांतल्या सुमारे ३१ टक्के जणींना ३० वर्षांत कर्करोग झाला. हे वाचून अंगावर काटा आला. ज्या बदलांचा वेळेत बंदोबस्त होऊ शकत होता, त्यांनी या बायकांचा बळी घ्यावा?

बहिणीला बारा महिन्यांनी पुन्हा बोलावले होते. भीतीपोटी ती जायलाच तयार नव्हती. मी सोबत गेले. या वेळी रिपोर्ट निगेटिव्ह आला.

पॉझिटिव्ह रिपोर्टच्या खाली त्या बाईला समजेल अशा भाषेत दोनच ओळी छापाव्यात, अशी प्रयोगशाळांना विनंती आहे: हा कर्करोगाचा निकाल नाही, आणि पुढची तपासणी अमुक महिन्यात आहे.

आपली,
एक वाचक