विषय: हापूसचं कलम मेलं आणि तुम्ही म्हणताय झाड जिवंत आहे

नमस्कार,

१४ जूनला तुमच्या टेम्पोने आमचं सामान रत्नागिरीहून कोल्हापूरला आलं. सामानाबद्दल काही म्हणणं नाही, एक कपसुद्धा फुटला नाही. तक्रार हापूसच्या कलमाची आहे, ज्याचे तुम्ही वेगळे ३५०० रुपये घेतले.

३ वर्षांचं कोयकलम, म्हणजे कोयीतून उगवलेल्या रोपावर हापूसची काडी बांधून केलेलं, बाबांनी स्वतः बांधलेलं, त्यांच्या हातचं शेवटचं. घर विकलं तरी ते सोडायचं नव्हतं म्हणून मी दीड महिना आधी एका बाजूने चर खणून मुळं तोडली, मग तीन आठवड्यांनी दुसऱ्या बाजूने, म्हणजे आतल्या आत तंतुमुळं फुटतात आणि उचलल्यावर झाड तग धरतं. हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, गोणपाटात सुतळीने घट्ट बांधून दिली आणि तुमच्या सुपरवायझरला दोनदा सांगितलं, दादा उभंच ठेवा, हुंडी फुटली तर सगळं गेलं, वर ताडपत्री टाका. हो हो म्हणाला.

उतरवताना बघते तर कलम आडवं, त्यावर वॉशिंग मशीनचं खोकं, गोणपाट सुटलेलं, अर्धी माती टेम्पोत सांडलेली आणि मुळं उघडी. ताडपत्री सोफ्यावर होती. आंबा घाटातून येताना सगळा वारा त्या पानांनी खाल्ला.

तरी त्याच संध्याकाळी लावलं, निम्मी पानं काढली, सावली केली, काठी दिली. दहा-बारा दिवसांत शेंड्यापासून काळं पडत पडत जोडापर्यंत, म्हणजे काडी बांधली होती तिथपर्यंत, वाळलं.

तुमच्या कस्टमर केअरला फोटो पाठवले तर म्हणे मॅडम नवीन फूट आलीय, झाड जिवंत आहे, क्लेम बसत नाही, हवं तर काढून न्यायला माणूस पाठवतो. अहो ती फूट जोडाच्या खालून आलीय! खालचा खुंट रायवळ, म्हणजे साध्या गावठी आंब्याच्या कोयीचा, हापूस फक्त जोडाच्या वर, वरचं मेलं की उरतो तो रायवळ. कुठल्याही नर्सरीवाल्याला फोटो दाखवा, बघताक्षणी सांगेल.

मला ३५०० रुपये परत हवेत, नवीन कलमाची किंमत हवी आणि चूक तुमची होती हे लेखी हवं. १५ दिवसांत उत्तर नाही आलं तर १९१५ ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकणार, फोटो आणि पावती जपून ठेवलीय.

आणि माणूस पाठवू नका. बाबांनी ज्या झाडाची काडी घेतली होती ते काकांच्या परसात अजून आहे, तिथून काडी आणून मी याच खुंटावर परत बांधणार आहे.