करवंटीचा कार्बन आणि धुण्याचे पाणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टाकाऊ वनस्पतिजन्य व प्राणिजन्य पदार्थांपासून ऊर्जा साठवणारा कार्बन बनवण्याविषयीचा आपल्या दैनिकातील लेख वाचला. विषय महत्त्वाचा आहे; नारळाच्या करवंटीचा सक्रिय (सूक्ष्म छिद्रांनी भरलेला) कार्बन सुपरकपॅसिटरमध्ये, म्हणजे पृष्ठभागावर विद्युतभार साठवणाऱ्या उपकरणात, कितीतरी वर्षे वापरात आहे. मात्र ‘कच्चा माल फुकट, म्हणून साठवण स्वस्त’ हा लेखातला निष्कर्ष घाईचा वाटला.

करवंटी निवडली जाते ती टाकाऊ असते म्हणून नव्हे, तर ती टणक असते, तिच्यात लिग्निन (लाकडाला कठीणपणा देणारा घटक) भरपूर आणि राख अत्यल्प असते म्हणून. भाताचे तूसही टाकाऊच. पण ते जाळल्यावर वजनाचा जवळपास पाचवा हिस्सा राख उरते आणि तिच्यात बहुतांश सिलिका असते. ही सिलिका अल्कलीने विरघळवली की तिच्या जागी सूक्ष्म छिद्रे राहतात हे खरे, पण तो खर्च आलाच. कोंबडीच्या पिसांतील केराटिन या प्रथिनामध्ये नायट्रोजन आणि गंधक मुळातच असल्यामुळे साठवण वाढवण्यासाठी ती मूलद्रव्ये कार्बनमध्ये वेगळी घालावी लागत नाहीत. (पिसे भट्टीत तापताना सुटणारा वास ज्याने घेतला आहे, तो मात्र या मालाला फुकट म्हणायला धजणार नाही.)

खरी मेख पुढेच आहे. अशा मालाच्या कोळशात त्याच्या दुपटी-चौपटीने पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिसळून ते मिश्रण ऑक्सिजनविरहित वातावरणात ७०० ते ८०० अंश सेल्सियसला तापवले, तर एका ग्रॅममागे २,००० चौरस मीटरहून अधिक पृष्ठफळ मिळू शकते. परंतु त्यानंतर उरलेला अल्कली धुऊन काढावा लागतो. चमचाभर काळी पूड गाळणकागदावर ठेवून, खाली उतरणाऱ्या पाण्याचा सामू सातवर येईपर्यंत ऊर्ध्वपातित पाणी ओतत बसण्यात मी प्रयोगशाळेत अनेक दुपारी घालवल्या आहेत. हेच काम टनावारी करायचे ठरल्यास ते पाणी कुठे सोडायचे, याविषयी लेखात अवाक्षर नाही.

‘जितकी छिद्रे तितके उत्तम’ हे लेखातले विधानही सुपरकपॅसिटरपुरतेच, आणि तेही मर्यादेतच, खरे आहे. ग्राफाइटच्या थरांत सोडियम नीट शिरत नसल्याने सोडियम-आयन बॅटरीला हार्ड कार्बन (ज्याचे थर अस्ताव्यस्त असतात असा कार्बन) लागतो, आणि तो अशा पदार्थांपासून चांगला बनतो. पण तिथे जादा उघडे पृष्ठफळ दोषच ठरते, कारण पहिल्याच चार्जिंगला इलेक्ट्रोलाइट (बॅटरीतला आयन वाहून नेणारा द्रव) त्यावर विघटित होतो आणि काही सोडियम कायमचे अडकून पडते.

अशा बातम्यांत बहुधा ‘प्रति ग्रॅम’ क्षमता तेवढी छापली जाते. इलेक्ट्रोडवरचा (विद्युत अग्रावरचा) कार्बनचा थर अतिशय पातळ असेल, तर हा आकडा फसवा ठरतो, हे युरी गोगोत्सी आणि पात्रिस सिमाँ या ऊर्जासाठवणीच्या संशोधकांनी २०११ सालीच ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले होते. तेव्हा यापुढे एक किलो सुक्या मालातून किती कार्बन हाती आला, इलेक्ट्रोडवर तो दर चौरस सेंटिमीटरला किती होता आणि वेगवेगळ्या हंगामांतल्या मालाचे गुण जुळले का, एवढे तरी संशोधकांना विचारून छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक