सेंटओएस ७ वरचे सर्व्हर अजून का चालू आहेत?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली तेव्हा घरोघरी त्याची चर्चा झाली. सेंटओएस ७ या सर्व्हरवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमची मुदत मात्र त्याआधीच, ३० जून २०२४ रोजी संपली होती आणि तिच्याबद्दल फारसे कोणी बोलले नाही. फुकट आणि भरवशाची म्हणून महाविद्यालये, पतसंस्था आणि लहान कारखान्यांनी ती बसवली. सर्व्हर बिनतक्रार चालतोय म्हणून तिला कोणी हात लावत नाही. पण सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे बंद झाले आहे, आणि सभासदांची माहिती अशा यंत्रावर ठेवणे धोक्याचे आहे.

अशा सर्व्हरवर सॉफ्टवेअर अद्ययावत करण्याची ‘यम अपडेट’ ही आज्ञा चालवली की मिररलिस्टचा, म्हणजे डाउनलोडच्या ठिकाणांच्या यादीचा, पत्ता सापडत नसल्याची चूक दिसते. इंटरनेट गेले असे समजून राउटर तपासला जातो. प्रत्यक्षात तो पत्ताच बंद झाला आहे. पॅकेजेस कुठून घ्यायची ते सांगणाऱ्या रेपोच्या फायलींत व्हॉल्टचा, म्हणजे जुन्या आवृत्त्यांच्या संग्रहाचा, पत्ता घातला की पॅकेजेस पुन्हा मिळतात, पण ती गोठवलेली, जुनीच. स्थलांतरासाठी एखादे साधन उतरवून घेण्यापुरता हा उपाय ठीक आहे, कायमचा नव्हे.

सेंटओएससारख्याच फुकट असलेल्या रॉकी किंवा अल्मालिनक्सची ९ ही आवृत्ती घ्यावी. तिला २०३२ पर्यंत दुरुस्त्या मिळतील. अल्माचे ‘एलिव्हेट’ हे साधन आहे त्याच यंत्रावर ७ वरून ८, मग ८ वरून ९ असे नेते. मधली पायरी गाळता येत नाही. तरी माझे स्पष्ट मत असे की नव्या यंत्रावर कोरी प्रणाली बसवून डेटा हलवावा, म्हणजे काही बिघडले तर जुने यंत्र हाताशी राहते.

सर्वांत जपायचा तो मराठी मजकूर. वेबसाइटसाठीच्या पीएचपी या भाषेतली जुनी अॅप्लिकेशन्स डेटाबेसशी लॅटिन१ या रोमन लिपीसाठीच्या कॅरॅक्टर सेटमध्ये बोलत आणि देवनागरीचे बाइट तसेच लॅटिन१ टेबलांत जाऊन बसत. जातानाची आणि येतानाची वाट एकच चुकीची, त्यामुळे पानावर सगळे बरोबर दिसे. डेटाबेसचा नेहमीसारखा डंप (फाइलच्या रूपातली प्रत) घेऊन नव्या मारियाडीबी डेटाबेसात भरला की नावांच्या जागी रोमन अक्षरांचा गचाळा दिसतो. म्हणून आधी ‘शो क्रिएट टेबल’ या आज्ञेने टेबलाची व्याख्या पाहावी. तिथे लॅटिन१ असेल आणि नावाची हेक्स किंमत (प्रत्यक्ष साठवलेले बाइट) ‘ई०ए४’ किंवा ‘ई०ए५’ ने सुरू होत असेल, तर हाच प्रकार आहे. डंप घेताना कॅरॅक्टर सेट लॅटिन१ द्यावा, सोबत ‘स्किप-सेट-कॅरसेट’ लावावे, डंपमधल्या टेबलांच्या व्याख्यांत लॅटिन१ चे देवनागरी सामावणारे यूटीएफ८एमबी४ करावे आणि यूटीएफ८एमबी४ सेटनेच तो डंप भरावा. नावांत प्रश्नचिन्हे साठलेली असतील तर मूळ अक्षरे केव्हाच गेली. ती जुन्या बॅकअपमध्येच शोधावी लागतील. मायआयसॅम या जुन्या प्रकारची टेबले असतील तर डंपच्या ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’ पर्यायावर विसंबू नये, डंप होईपर्यंत अॅप्लिकेशन बंद ठेवावे.

सेंटओएस ७ सोबत पीएचपी ५.४ येत असे. डेटाबेसशी जोडणारी ‘मायएसक्यूएल_कनेक्ट’ कुळातली फंक्शन्स पीएचपी ७ मध्ये काढून टाकली, त्यामुळे तो कोड मायएसक्यूएलआय किंवा पीडीओ या नव्या जोडण्यांवर आणणे अटळ आहे. शिवाय आता पीएचपी वेगळ्या एफपीएम सेवेतून चालते. फोल्डरपुरत्या सेटिंगच्या ‘डॉट एचटीअॅक्सेस’ फाइलमध्ये ‘पीएचपी_व्हॅल्यू’ची ओळ राहिली तर पान ५०० ची चूक देते. फायली होम फोल्डरमधून वेबसाइटच्या फोल्डरमध्ये ‘एमव्ही’ आज्ञेने हलवल्या की जुने सुरक्षा-लेबल सोबत येते आणि एसईलिनक्स ही सुरक्षाव्यवस्था त्या रोखते. यावर उपाय लेबल सुधारणारी ‘रिस्टोरकॉन -आरव्ही’ ही आज्ञा. बरेच जण वैतागून एसईलिनक्सच बंद करतात, ते करू नये.

सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग (सर्व्हरच्या कामकाजाच्या नोंदी) १८० दिवस जपायचे आहेत आणि घड्याळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळते ठेवायचे आहे. जुने लॉग काढून टाकणाऱ्या लॉगरोटेटची मूळ नोंद मात्र चार आठवड्यांचीच असते. तिथे ‘रोटेट २६’, म्हणजे २६ आठवडे, करावे आणि डिस्कमध्ये तेवढी जागा आहे का ते पाहावे.

जुने यंत्र नेटवर्कमधून काढून निदान एक महिनाअखेर पार पडेपर्यंत तसेच ठेवावे. आणि देखभालीचा करार नव्याने करताना संचालक मंडळांनी ऑपरेटिंग सिस्टिमचे नाव, आवृत्ती आणि तिच्या मुदतीची तारीख करारातच लिहून घ्यावी.

आपला,
सर्व्हर देखभालीच्या व्यवसायातील एक वाचक