शिमग्याआधी पोरांची डोसाची कार्डं काढून बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिमगा जवळ आलाय आणि आमच्या वाडीत परत तेच बोलणं सुरू झालंय, की चिरेखाणीवरच्या (जांभ्या दगडाच्या खाणीवरच्या) कामगारांच्या आणि बागेतल्या नेपाळ्यांच्या पोरांना अंगणवाडीत बसवू नका, ती पोरं गोवर आणतात. परवाच्या बैठकीत दोघातिघांनी हे उघड बोलून दाखवलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला तिथे तोंड उघडायला जमलं नाही म्हणून हे पत्र लिहितेय, कारण गेल्या वर्षी वाडीत गोवर आला तो माझ्या घरातून आला.

माझी भाची विरारला असते. बाळंतपणाला इकडे माहेरी आलेली, बाळाला नऊ महिने झाल्यावर गोवर-रुबेलाच्या लसीचा पहिला डोस इथल्या उपकेंद्रातच टोचला आणि मग ती मुंबईला गेली. दुसरा डोस 16 ते 24 महिन्यांत असतो. पण कार्ड राहिलं इकडे कपाटात, तिकडच्या रजिस्टरला पोराचं नावच नाही, इथल्या आशाताईंना वाटलं तिकडे झाला असेल, असं करत करत पोरगा अडीच वर्षांचा झाला. शिमग्याला आले तेव्हा त्याला ताप होता, नाक गळत होतं, डोळे लाल, आम्ही म्हटलं प्रवासाची धूळ आणि एसटीच्या खिडकीचा वारा बाधला असेल. पालखी घरी यायची होती, घरात पंचवीस माणसं, सगळी पोरं एकाच खोलीत गोधड्या टाकून झोपलेली. चौथ्या दिवशी त्याच्या कानामागे पुरळ उठलं आणि संध्याकाळपर्यंत तोंडभर झालं.

तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं. डॉक्टर म्हणाले, पुरळ दिसायच्या चार दिवस आधीपासून आणि नंतर चार दिवस गोवर दुसऱ्याला लागतो, खोकल्या-शिंकेतून उडालेला विषाणू खोलीत दोन तासांपर्यंत हवेत राहतो, आणि डोस न झालेली 10 पोरं जवळ आली तर त्यातल्या 9 जणांना होतो. म्हणजे पालखीच्या दिवशी तो कडेवर कडेवर फिरत होता तेव्हाच सगळ्यांना गोवर देत होता. दोनेक आठवड्यांनी वाडीत एकेका घरात ताप सुरू झाला, मग अंगणवाडीत, आणि अंगणवाडीतून चिरेखाणीवर. तिथली एक आठ महिन्यांची मुलगी, तिचं तर डोसाचं वयच झालेलं नव्हतं आणि आईकडून मिळालेली ताकद तोवर संपत आलेली असते, तिला न्यूमोनिया झाला. चार दिवस ऑक्सिजनवर होती. वाचली. पण तिची आई मला वाटेत भेटते तेव्हा मी खाली बघते, कारण तिच्या पोरीला गोवर आमच्या घरातून गेला आणि बोलणी मात्र तिनेच खाल्ली.

आता ह्या पोरांना अंगणवाडीतून काढलं तर होईल काय, तर त्यांचं वजन कोणी करणार नाही, खाऊ मिळणार नाही, व्हिटॅमिन एचा डोस चुकेल आणि ती कोणाच्याच यादीत राहणार नाहीत. कुपोषित आणि व्हिटॅमिन ए कमी असलेल्या पोराला गोवर सगळ्यात जास्त पिळतो, डोळ्यांवर जातो, छातीत उतरतो, जुलाब लागतात. 2022 ला मुंबईत गोवंडीला गोवराने पोरं गेली ती आपण पेपरात वाचलंच, तिथेही दाटीवाटीची वस्ती आणि डोस राहिलेली पोरं हेच होतं. म्हणजे धोका पोराच्या गावात नाही, कार्डातल्या रिकाम्या चौकोनात आहे, आणि असे चौकोन आमच्या वाडीतल्या पक्क्या घरांतसुद्धा आहेत.

शंभरातल्या 95 पोरांचे दोन्ही डोस झाले तर गोवर पसरायला वाट मिळत नाही. 40 पोरांच्या अंगणवाडीत चार पोरं राहिली तरी आपण 90 वर आलो. त्यात नऊ महिन्यांचा एकच डोस शंभरातल्या साधारण 85 जणांनाच लागू पडतो, म्हणून दुसरा, एकच झाला की बस असं समजू नका.

आणि डोस राहतात कशामुळे? आमच्याकडे लसीकरणाचं सेशन सकाळी असतं, त्याच वेळेला होड्या लागतात आणि अर्ध्या आया जेटीवर मासळी निवडायला असतात. चिरेखाणीवर एक दिवस बुडवला की त्या दिवसाची मजुरी गेली. कधी पोर आणलं तर ऐकायला मिळतं की आज एकच पोर आहे, लसीची बाटली फोडली की चार तासांत संपवावी लागते, पुढच्या वेळी या. अहो, बाटली वाया गेली तरी चालेल, ते पोर पुढच्या वेळी येणार नाही! नाक गळतंय म्हणून पण लोक परत नेतात, साध्या सर्दीत डोस द्यायला काही हरकत नसते. पाच वर्षांपर्यंत राहिलेला डोस घेता येतो हे कितीतरी जणांना माहीतच नाही, माझ्या भाचीलाही नव्हतं.

अजून एक. आमच्याकडे गोवर उठला की देवी आली म्हणतात, पोराला अंधाऱ्या खोलीत ठेवतात, नुसत्या पेजेवर, डॉक्टरकडे नेत नाहीत. माझी आईही तसंच करायची, मायेनेच करायची. देवीला हात जोडा, पण पोराला त्याच दिवशी दवाखान्यात न्या, गोवरात व्हिटॅमिन ए लागोपाठ दोन दिवस देतात, त्याने डोळे आणि जीव दोन्ही वाचतात. फक्त जाताना फोन करून जा आणि ओपीडीच्या गर्दीत बसू नका, तिथे दुसऱ्याची तान्ही पोरं असतात.

तुमच्या पेपरात दरवर्षी पालख्या कुठल्या दिवशी कुठे ते छापून येतं आणि आमच्याकडे ते पान कापून भिंतीला लावतात. यंदा त्याच पानावर आपल्या तालुक्यातल्या लसीकरणाच्या तारखा आणि जागा छापाल का, आणि खाली ठळक लिहा की मुंबईहून येताना पोरांची कार्डं बॅगेत टाका.

आपली,
एक वाचक, दापोली तालुका, जि. रत्नागिरी